एल्कच्या शिकारीला निघताना

अमेरिकेत एल्क हरणांची संख्या सर्वाधिक आहे ती कोलोरॅडो राज्यात. (युरोपात ‘एल्क’ म्हणजे मूस, हा प्राणी निराळा, त्याचे दुसरे नाव वापिटी.) वाटाड्या न घेता सरकारी वनात प्रथमच शिकारीस जाणारा बहुधा बंदुकीचाच विचार अधिक करतो. खरी कसोटी मात्र जनावर पडल्यानंतर लागते.

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोच्या आसपास असते. हाडे काढल्यावरही ८० ते १०० किलो मांस उरते. अडीच-तीन हजार मीटर उंचीवरील रानातून ते पाठीवर वाहून आणायचे, म्हणजे एकट्याला तीन-चार खेपा. म्हणून भक्कम चौकटीची पाठपिशवी, दोन धारदार सुऱ्या, दोर, डोक्याला बांधायचा दिवा आणि हवा खेळेल अशा कापडी पिशव्या आधी भराव्यात. प्लॅस्टिकमध्ये ऊब कोंडते व मांस नासते. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे तेथे गुन्हा आहे. मांस सोडवताना नर-मादी ओळखता येईल असा अवयवही त्याला जोडलेलाच ठेवावा लागतो. नवख्यांची चूक होते ती येथे.

कपडे लोकरीचे असावेत. सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही. बूट कोरे नकोत. नकाशा, होकायंत्र आणि पाणी गाळण्याचे साधन हवेच. रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी बंधनकारक आहे. १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार-सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो.