मांडवीकाठच्या वाड्याची कुळकथा

पणजीत मांडवीच्या काठावर उतरत्या कौलांची एक लांबट इमारत आहे. गोमंतकीय तिला ‘जुने सचिवालय’ म्हणतात, इतिहासाच्या पुस्तकांत ती ‘आदिलशहाचा राजवाडा’ असते. पणजीच्याच पाटो भागातले गोवा राज्य संग्रहालय आता याच वास्तूत आले आहे. पाचशे वर्षांत तिने अनेक धनी पाहिले. ते का आले आणि का गेले, याचे उत्तर बहुतेक वेळा समोरच्या नदीत सापडते.

विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास हा वाडा बांधला. उन्हाळी महाल म्हणून त्याचा लौकिक असला, तरी त्याचे खरे काम पहाऱ्याचे होते. त्या काळचे वैभवशाली बंदर आणखी आत, आजच्या जुने गोवे येथे होते. अरबस्तानातून घोडे घेऊन येणारे प्रत्येक गलबत मांडवीच्या मुखातून पणजीवरूनच पुढे जाई. म्हणून वाड्याला तट होता, खाऱ्या पाण्याचा खंदक होता आणि तोफांची तोंडे नदीकडे वळलेली होती.

या जागेचे मोल १५१० साली सिद्ध झाले. फेब्रुवारीत पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकेर्कचे आरमार नदीत शिरले. त्याचा भाचा आंतोनियो द नोरोन्या याने आधी पणजीचा हा कोट घेतला आणि मगच गोवे शहर शरण आले. मे महिन्यात आदिलशाही फौजेने शहर परत मिळवले. पोर्तुगीज जहाजांवर परतले, पण तोवर पावसाळा सुरू झाला होता. खवळलेला समुद्र आणि मुखाशी साचणारी वाळू यांमुळे बाहेर पडणे अशक्य झाले. जहाजे नदीतच अडकली आणि पणजीच्या तोफा त्यांच्यावर डागू लागल्या. अन्नपाण्याचे हाल सोसत पोर्तुगिजांनी तो पावसाळा काढला. अखेर २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे कायमचे त्यांच्या हाती गेले.

नव्या धन्यांनी कोट पाडला नाही, १६१५ मध्ये त्याची नव्याने बांधणी केली. लिस्बनहून येणारे व्हाइसरॉय राजधानीत थाटात प्रवेश करण्याआधी इथे मुक्काम करत.

पुढे राजधानीच खचू लागली. पटकी आणि हिवतापाच्या साथींनी जुने गोवे ओस पडत गेले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने शहराजवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा धास्तावलेल्या व्हाइसरॉयने राजधानी मुरगावला हलवण्याचा घाट घातला. तो सिद्धीस गेला नाही. १७५९ मध्ये मात्र व्हाइसरॉयने पणजीच्या या वाड्यात बिऱ्हाड केले. भोवतालचे खाजण भरून घेत शहर वाढले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. म्हणजे आधी वाडा होता, त्याच्या आधाराने राजधानी उभी राहिली. १९१८ मध्ये गव्हर्नरचे निवासस्थान पणजीजवळच्या काबोला गेले, पण सरकारी कारभार इथेच राहिला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि तीस आमदारांची विधानसभा जानेवारी १९६४ मध्ये याच वास्तूत भरली. दोनशे वर्षे जिथून रयतेवर हुकूम सुटत होते, तिथे रयतेने निवडलेली माणसे बसली. गोव्याने महाराष्ट्रात जावे की वेगळे राहावे, या वादाचे पडसाद इथे उमटले. १९६७ च्या जनमत कौलाने तो वाद निकालात काढला. १९८७ चा राजभाषा कायदा इथेच संमत झाला. त्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले, मराठीच्याही सरकारी वापराची तरतूद केली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. २००० मध्ये विधानसभा नदीपलीकडे पर्वरीला गेली. सत्तेला आता नदीवर पहारा ठेवण्याची गरज उरली नव्हती.

इमारतीशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, गोमंतकीय संमोहनतज्ज्ञ आबे फारियाचा पुतळा आहे. बहुतेक पर्यटक त्याचे छायाचित्र काढून पुढे निघतात. संग्रहालयात जाणारेही थेट मांडलेल्या वस्तूंकडे वळतात. माझ्या मते इथला सर्वांत मोलाचा ऐवज ही वास्तूच आहे. आदिलशाही, पोर्तुगीज राजवट आणि लोकशाही या तिन्हींचा कारभार एकाच छपराखाली पाहिलेली दुसरी वास्तू गोव्यात दाखवणे कठीण आहे. म्हणून गोव्यातल्या शाळांना एक विनंती आहे: मुलांना इथे जरूर आणा, पण आधी त्यांना मांडवीच्या काठावर उभे करा, नदीचे मुख दाखवा आणि वाडा इथेच का बांधला, हे त्यांनाच विचारा.