एकोणीस क्रमांकाचे पाकीट

इंटरनेटवरून फोन करणारा माणूस बोलता बोलता गप्प बसला, तर त्याच्या यंत्राने काय करावे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण गेली काही वर्षे मी इंटरनेट दूरध्वनीची मानके आणि त्यांचे मसुदे चाळतो आहे, आणि बऱ्याच अडचणींचे मूळ मला इथे सापडले.

सुरुवात ऑगस्ट १९७४ची. आर्पानेट या जाळ्यावरून कॅलिफोर्नियातील इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन लॅबोरेटरी यांच्यात आवाज पाकिटांतून, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी, गेला. डॅनी कोहेन हे या कामातले अग्रणी. उशिरा आलेला आवाज हरवलेल्या आवाजापेक्षा वाईट, ही त्यांची भूमिका. पत्रातला शब्द गळून चालत नाही. बोलण्यातला बारीकसा तुकडा गळला तर कान सांभाळून घेतो, पण त्याची वाट पाहत थांबले तर संभाषणच मोडते. १९७८ मध्ये टीसीपीतून आयपी वेगळा काढला गेला, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. निर्णय शहाणपणाचाच, फक्त तेव्हा दोन्ही टोकांची यंत्रे एकाच संशोधन प्रकल्पातली होती.

जानेवारी १९९६ मध्ये आरटीपी हे मानक आले. सेकंदाला साधारण ५० पाकिटे असा रिवाज पडला. प्रत्येकावर अनुक्रमांक, वेळेचा शिक्का आणि आत काय भरले आहे ते सांगणारा प्रकार-क्रमांक. ओळखू न येणाऱ्या प्रकाराकडे घेणाऱ्याने दुर्लक्ष करावे, असा नियम.

आता गप्प बसण्याचे. शांततेसाठीही ५० पाकिटे धाडणे ही उधळपट्टी, म्हणून अनेक यंत्रे ती थांबवतात. पण फोनमध्ये काहीच ऐकू आले नाही की माणसाला फोन कट झाला असे वाटते, ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते. यावर तोडगा म्हणून अधूनमधून एक छोटे पाकीट पाठवतात. त्यात पार्श्वभूमीची खरखर किती, एवढाच निरोप असतो. पलीकडचे यंत्र त्यावरून तशीच खोटी खरखर तयार करते. तिचे नाव ‘कम्फर्ट नॉइज’. दिलाशाची खरखर म्हणू या. काही मसुद्यांत या पाकिटाला १९ हा क्रमांक होता. सप्टेंबर २००२च्या मानकात तो १३ झाला. पण यंत्रे बनवणारे मसुद्यावरूनच कामाला लागलेले असतात. जुलै २००३च्या तक्त्यात १९ समोर ‘राखीव’ असे लिहिले आहे, आणि आधीच्या मसुद्यांनी तो वापरला होता हे कारणही दिले आहे. आपल्याकडे इंटरनेट दूरध्वनीला मर्यादित परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ रोजी, या घालमेलीच्याच काळात.

दोन कंपन्यांची जाळी जोडतात तिथे मध्यस्थ यंत्र बसवतात. एका बाजूने १९ आले आणि दुसरीला फक्त १३ कळते, तर? मध्यस्थाने ते टाकून दिले की ऐकणाऱ्याच्या बाजूला काहीच पोहोचत नाही. ठरावीक वेळ पाकीट आले नाही तर फोन मेला असे समजून तो तोडणारी यंत्रेही आहेत. पलीकडचा माणूस आपले दुःख सांगतो आहे आणि आपण नुसते ऐकतो आहोत, तेव्हाच फोन तुटायचा.

टाकलेल्या पाकिटाने अनुक्रमांकात भोक पडते. घेणारे यंत्र त्याची गणना वाटेत हरवलेल्यांत करते. ते टाळायला मध्यस्थाने सरसकट नवे अंक दिले, तर आधीच्या जाळ्यात खरोखर हरवलेली पाकिटेही झाकली जातात. ग्राहक आवाज तुटतो म्हणतो, नोंदी म्हणतात सगळे ठीक. मला हे दुसरे जास्त घातक वाटते.

जॉन पोस्टेल यांनी १९८०च्या टीसीपी मानकात सांगून ठेवले होते की पाठवताना काटेकोर असावे, स्वीकारताना उदार. त्या न्यायाने मध्यस्थाने १९ स्वीकारावे आणि पुढे १३ म्हणून द्यावे. टाकावेच लागले, तर फक्त स्वतः टाकलेल्यांची भोके बुजवावीत, आधीची तशीच राहू द्यावीत. आणि वेळेच्या शिक्क्याला हात लावू नये. माणूस किती वेळ गप्प होता, हे त्यावरूनच कळते.