पापनाशमचा न घेतलेला कौल

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या वाटेवर पापनाशम नावाचे गाव लागते. कावेरीचे फाटे भोवताली पसरलेले, त्यांच्यामध्ये भाताची खाचरे, आणि पालैवननाथाच्या देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळी बांधलेले विटांचे एक प्रचंड धान्यकोठार. तीन हजार कलम भात त्यात मावे, असे सांगतात. ज्यांच्या अमलात ते बांधले गेले ते नायक गेले, त्यांच्यामागून आलेले भोसले गेले, कंपनी गेली आणि इंग्रज बादशाहीही गेली. कोठार मात्र उभे आहे. या भूमीवर राज्य कोणाचे असावे हा प्रश्न तीन शतकांत अनेकदा उपस्थित झाला. ज्यांच्या खाचरांतून ते कोठार भरत असे, त्यांना तो विचारण्याची मात्र कोणास गरज भासली नाही.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले तेव्हा विचारण्याची पद्धतच नव्हती. पुढे १७९९ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी तह करून राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे उरला तो तंजावरचा किल्ला, दरसाल एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. पापनाशमच्या कुळांचा धनी असा एका कागदावर बदलला. चार वर्षांनी, १८०३ साली, राजांनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत बृहदीश्वराच्या देवळातील भिंतीवर कोरून घेतले. राज्य हाती असताना इतिहास कोरून घेण्याची निकड बहुधा कोणास वाटत नाही. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले आणि उरलेसुरले संस्थानही खालसा झाले. छोटे राज्य मोठ्या सत्तेत विलीन होण्याची ही त्या काळची रीत होती. तीत कायदा होता, करार होता. संमती तेवढी नव्हती.

हीच भूमी मोठ्या संघातून बाहेर पडावी, अशी मागणी विसाव्या शतकात निघाली. ऑगस्ट १९४० मध्ये, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्याच तिरुवारूर येथे, पेरियार रामस्वामी नायकर यांच्या अध्यक्षतेखालील जस्टिस पक्षाच्या परिषदेत स्वतंत्र द्रविडनाडूचा पुरस्कार झाला. शाळांतून सक्तीने हिंदी शिकविण्याविरुद्ध १९३८ मध्ये उठलेले वादळ तेव्हा ताजे होते. पुढे १७ सप्टेंबर १९४९ रोजी अण्णादुराई यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम स्थापन केला आणि तो झेंडा आपल्या खांद्यावर घेतला.

या मागणीला थट्टेवारी नेणे सोपे होते व दिल्लीत ते पुष्कळांनी केले. वस्तुतः तिच्यामागे खरी दुखणी होती. भाषा दुय्यम ठरेल ही भीती होती, कारखाने उत्तरेकडे आणि कर सर्वांकडून अशी तक्रार होती, आणि जातीच्या उतरंडीचा जुना सल होता. परंतु मागणीच्या पोटातच एक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पुढाऱ्यांना शेवटपर्यंत सापडले नाही. कौल घ्यायचाच तर तो कोणाचा? द्रविडनाडू म्हणजे तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या चार भाषांचा देश, असे सांगितले जाई. पण तेलुगू भाषकांनी मद्रासपासून सुटून १ ऑक्टोबर १९५३ रोजी आपला आंध्र मिळविला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी कानडी व मल्याळी मुलूखही आपापल्या राज्यांत गेले. या तिघांपैकी कोणासही द्रविडनाडूची ओढ नव्हती. राहता राहिले तमिळ लोक. त्यांतही ब्राह्मणांना पेरियारांच्या व्याख्येत स्थान नव्हते. अण्णादुराईंनी आपल्या पक्षाची दारे पुढे सर्वांना उघडली हे खरे. तरीही तंजावर-कुंभकोणमकडे पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी बोलणारी कुटुंबे या नव्या देशात घरची की पाहुणी, याचा निर्णय कोणत्या मतपेटीतून व्हायचा होता?

दुसरा प्रश्न पाण्याचा. पापनाशमच्या दृष्टीने तो पहिलाच म्हटला पाहिजे. कावेरी उगम पावते कोडगूत. १८९२ व १९२४ चे पाणीवाटपाचे करार झाले ते म्हैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा यांच्यात, आणि दोघांच्याही डोक्यावर एकच सार्वभौम सत्ता बसलेली होती. म्हैसूरने कन्नंबाडीचे धरण बांधले, मद्रासने १९३४ साली मेट्टूरचे पुरे केले. मेट्टूरचे दरवाजे १२ जूनच्या सुमारास उघडावेत आणि त्या पाण्यावर कुरुवै भाताची लावणी व्हावी, असा खोऱ्याचा रिवाज पडला. आता कल्पना करावी की तमिळ प्रदेश एकटाच निराळे राष्ट्र झाला आहे आणि कन्नंबाडी परक्या देशात आहे. मग १९२४ चा करार कोणी कोणाकडून पाळून घ्यायचा? नदीच्या शेपटाशी राहणाऱ्याने वरच्या गावाशी घर मोडण्यापूर्वी विचार करावा, हे पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या कोणाही मराठी कुणब्यास सांगावे लागणार नाही. सभांतल्या भाषणांत मात्र नदीचे गुणगान पुष्कळ, आणि धरणाची चर्चा थोडी.

१ मे १९६२ रोजी राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात अण्णादुराईंनी द्रविड लोकांसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. उत्तरेशी आपले वैर नाही, पण आपण एका निराळ्या परंपरेचे आहोत, असा त्यांचा सूर होता. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षास विधानसभेत पन्नास जागा मिळाल्या होत्या, आणि तंजावरमधून करुणानिधी निवडून आले होते. ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केले. अण्णादुराईंनी मागणी स्थगित केली आणि संरक्षणकार्यास पाठिंबा दिला. तरीही सोळावी घटनादुरुस्ती आली. अण्णादुराईंनी तिला विरोध केला. पण ५ ऑक्टोबर १९६३ पासून प्रत्येक उमेदवारास देशाचे सार्वभौमत्व व अखंडता राखण्याची शपथ घेणे भाग झाले. पक्षाने त्याच वर्षी द्रविडनाडूची मागणी सोडून दिली. घर राहिले तरच त्याचे छप्पर, अशा आशयाची त्यांची भूमिका होती.

शपथेने ही चळवळ संपली, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. शपथेने वाट बंद केली. त्या वाटेने जाण्याची इच्छा विझली ती भाषावार राज्ये मिळाली म्हणून, आणि १९६५ च्या हिंदीविरोधी उद्रेकानंतर १९६७ च्या कायद्याने इंग्रजी चालू राहण्याची हमी दिली म्हणून. त्याच १९६७ साली अण्णादुराई मुख्यमंत्री झाले, आणि १४ जानेवारी १९६९ रोजी राज्याचे नाव तमिळनाडू झाले. मागितले होते राष्ट्र, मिळाले राज्य; पण ते मनासारखे मिळाले. त्या निवडणुकीत स्वातंत्र्याची भाषा उरली नव्हती. रुपयाला तीन मापे तांदूळ हे वचन गाजत होते.

त्या तांदळाचा विषय निघाला म्हणजे आणखी एका गोष्टीची आठवण टाळता येत नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री याच तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणी गावी, मजुरीच्या तंट्यातून चव्वेचाळीस दलित माणसे एका झोपडीत जाळून मारण्यात आली. त्यांत बायका व मुलेच अधिक होती. मारणारे आणि मरणारे एकाच भाषेचे होते. द्रविडनाडू झाले असते तरी त्या झोपडीचे दार बाहेरून उघडले गेले असते असे मानण्यास आधार नाही. स्वयंनिर्णयातला ‘स्व’ कोण, हा प्रश्न असा अवघड आहे.

जगात अन्यत्र हे कौल घेतले गेले आहेत. क्वेबेकने १९९५ साली कॅनडापासून फुटायचे की नाही हे ठरविले, तेव्हा नकाराच्या बाजूस ५०.५८ टक्के मते पडली. इतक्या थोड्या फरकाने देश राहावा की मोडावा हे ठरावे काय? तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की प्रश्न स्पष्ट हवा, बहुमतही स्पष्ट हवे, आणि तसे ते मिळाल्यास उरलेल्या देशाने वाटाघाटीस बसले पाहिजे. स्कॉटलंडने २०१४ साली ५५.३ टक्के मतांनी इंग्लंडबरोबर राहणे पसंत केले. आपल्याकडे गोमंतकात १६ जानेवारी १९६७ रोजी झालेला कौल स्वातंत्र्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन होण्याचा होता. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी गोवेकरांनी वेगळे राहणे पत्करले. महाराष्ट्रात त्याचे दुःख झाले, पण तो निर्णय पाळला गेला. छोट्या समाजाने मोठ्या घरात जाण्यास नकार दिला आणि मोठ्या घराने तो ऐकला, याचे मोल तेव्हा फारसे कोणी केले नाही.

पापनाशमवर अशी पाळी आली नाही, आणि यात त्याचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. झाले ते एवढेच की पाण्याचा तंटा घरातला राहिला. १९२४ च्या करारातील पन्नास वर्षांची मुदत १९७४ साली सरली, लवाद १९९० मध्ये नेमला गेला, त्याचा अंतिम निवाडा २००७ मध्ये आला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूस ४०४.२५, कर्नाटकास २८४.७५, केरळास ३० आणि पुदुच्चेरीस ७ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले, आणि नदी कोणा एका राज्याच्या मालकीची नाही असे बजावले. चव्वेचाळीस वर्षे हा फार मोठा विलंब आहे. दोन राष्ट्रांत तो तंटा असता तर असा निवाडा देणारे आसनच कोणते, हे मात्र सांगता येत नाही. निवाड्यानंतरही पाऊस आपल्या मर्जीने पडतो. २०२० साली मेट्टूरचे दरवाजे कित्येक वर्षांनी ठरल्या दिवशी, १२ जूनला उघडले. २०२४ मध्ये त्यासाठी जुलै सरत आला होता, आणि पापनाशमकडील पुष्कळ खाचरे तोवर कुरुवैची वाट पाहत कोरडी होती.