राजपुत्राची छाया

परवां बऱ्याच वर्षांनीं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरील खेळ मी पुन्हां खेळलों. जॉर्डन मेकनर यांनीं तो १९८९ सालीं रचिला. धाकट्या भावाचें धांवणें व उड्या चित्रफितींत टिपून त्यांवरून त्यांनीं राजपुत्राची चाल रेखाटली. साठ मिनिटांत राजकन्या सोडवावयाची! वाटेंत आरशांतून आपलीच छाया निघते. तिला मारावें तर आपणच मरतों. तलवार म्यान करावी, तर ती आपणांत मिसळून जाते. यंत्राची स्मृति अपुरी पडूं लागल्यामुळें ही छाया राजपुत्राच्याच चित्रांवरून घडविली होती!

अशा खेळाची मूळ आज्ञावली मात्र हरवली. अखेर २०१२ सालीं मेकनर यांच्या वडिलांस जुन्या फ्लॉपी चकत्या सांपडल्या, व जाणकारांनीं त्यांतील मजकूर मोठ्या कष्टानें सोडविला.

आमच्या बीड जिल्ह्यांत, अंबेजोगाईस, दासोपंतांनीं (१५५१–१६१५) कापडावर लिहिलेली पासोडी शतकानुशतकें जपली गेली. चकती तेवीस वर्षांतच धोक्यांत आली. टिकतें तें साधनामुळें नव्हे, सांभाळणाऱ्यामुळें. आपल्या कपाटांतील चकत्या कोण सांभाळणार?