गुरांच्या पोटातील तार आणि प्लास्टिक

गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने चारा वेढून ओढते, फारसा न चावता गिळते आणि नंतर सावकाश रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यासोबत तोंडात आलेला खिळा, तार वा पिशवी वेगळी काढून टाकणे तिला क्वचितच साधते. अशा अखाद्य वस्तूंपासून दोन प्रकारचे आजार संभवतात.

धातूच्या जड वस्तू पोटाच्या चार कप्प्यांपैकी जाळीदार पोटात जाऊन बसतात. या कप्प्याच्या आकुंचनाने टोकदार तार त्याची भिंत भेदते. पुढे श्वासपटल आणि अवघ्या काही सेंटिमीटरांवर हृदय असते. तार तिथवर पोहोचल्यास हृदयाच्या आवरणात पू होतो, गळ्याखाली सूज येते आणि उपचारांना सहसा यश येत नाही.

प्लास्टिक भोसकत नाही, साचते. पिशव्या, दोर व चिंध्या यांचा गोळा पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात वाढत जातो. पोट भरलेले दिसते. जनावर मात्र उपाशी असते. फेब्रुवारी 2021 मध्ये फरिदाबाद येथे अपघातात जखमी झालेल्या गाभण गायीच्या पोटातून शस्त्रक्रियेने 71 किलो कचरा निघाला. गाय व वासरू दोन्ही दगावली.

आरंभीची लक्षणे अपचनासारखी असल्याने निदानास विलंब होतो. दूध एकाएकी आटणे, पाठीला कमान येणे, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून उभे राहणे, उतारावर कण्हणे ही तार टोचल्याची चिन्हे होत. घरगुती औषधाने उतरलेली पोटफुगी पुन्हा पुन्हा होत असल्यास प्लास्टिकची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकास बोलवावे. पोटात सोडलेले लोहचुंबक लोखंड धरून ठेवते. प्लास्टिकवर त्याचा उपयोग नाही. ते डाव्या कुशीतून शस्त्रक्रिया करूनच काढावे लागते.

गोव्यात अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा 1996 पासून आहे. मोकाट गुरांच्या पोटातील प्लास्टिकचा प्रश्न 2012 मध्ये याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. तरीही धोक्याचे मूळ घरातच आहे. उरलेले अन्न पिशवीत घालून गाठ मारली की गाय वासाने येते आणि गाठ सोडता येत नसल्याने पिशवीसकट गिळते. ओला कचरा पिशवीविना वेगळा ठेवणे आणि गोठ्याभोवतीचे खिळे, तारा वेचणे, हाच यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.