बोटांपर्यंत पोचलेला कॅमेरा

हळदीच्या रात्री उरण तालुक्यातल्या आमच्या जासई गावात बेंजो सुरू झाला की पोरंसोरं मांडवात उतरतात आणि मी स्टेजच्या कडेला जाऊन उभा राहतो. मला बेंजोवाल्याचे हात पाहायचे असतात. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर धावतात, उजवा हात तारा छेडतो. समेवर येताना तो ऑक्टोपॅडवाल्याकडे नुसती मान वर करून बघतो आणि दोघं एकदम थांबतात. वाजवणाऱ्याचे हात असे पाहायची सवय मला रॉकच्या कॉन्सर्ट फिल्मनी लावली. त्या प्रकाराची कुळकथा सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपली मुंबई पुन्हा पुन्हा येते.

बोलक्या सिनेमात गाणं पहिल्यापासून होतं. पण पडद्यावरचा गायक बहुधा आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायचा. खरी मैफल, खरे श्रोते आणि त्याच क्षणी उमटलेला सूर असा ऐवज जपणाऱ्या पहिल्या मोठ्या चित्रपटांपैकी एक म्हणजे ‘जॅझ ऑन अ समर्स डे’. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट इथला १९५८ चा जॅझ महोत्सव बर्ट स्टर्न या छायाचित्रकाराने टिपला. फोटो काढणाऱ्याची नजर असल्यामुळे त्याने गाणाऱ्यांइतकंच ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडेही लक्ष दिलं.

अडचण यंत्राची होती. आवाजासह चित्रण करणारा कॅमेरा अवजड असे आणि ध्वनिमुद्रकाला तारेने बांधलेला असे. तो घेऊन गर्दीत शिरणार कसं? १९६० च्या आसपास रॉबर्ट ड्रू, रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनेबेकर या मंडळींनी खांद्यावर घेता येणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि वेगळा टेप रेकॉर्डर यांची सांगड घातली. दोन्ही यंत्रं एकाच वेगाने चालावीत म्हणून ट्यूनिंग फोर्कवर चालणाऱ्या मनगटी घड्याळाचं तंत्र वापरलं. तार गेली आणि कॅमेरावाला मोकळा झाला. कॉन्सर्ट फिल्मचा खरा जन्म मी इथे मानतो.

या मोकळ्या कॅमेऱ्याने पेनेबेकरने जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातला मॉन्टेरे पॉप महोत्सव चित्रित केला. मुळात हा कार्यक्रम टीव्हीसाठी ठरला होता, पण १९६८ मध्ये तो ‘मॉन्टेरे पॉप’ या नावाने चित्रपटगृहात आला. जिमी हेन्ड्रिक्सने गिटार पेटवली ती याच चित्रपटात. पण पेनेबेकरने शेवट राखून ठेवला पंडित रविशंकर आणि तबल्यावरच्या उस्ताद अल्लारखाँसाठी. आधी कितीतरी वेळ फक्त ऐकणारी माणसं दिसतात, त्यांत हेन्ड्रिक्सही. मग कॅमेरा मंचावर येतो आणि मुंबईकर अल्लारखाँचे हात, रविशंकरांची तारेवरची बोटं, दोघांमधली नजरानजर पडदाभर होते. कॅमेऱ्यातलं फिल्मचं रीळ साधारण ११ मिनिटांत संपायचं, म्हणून एक कॅमेरा थांबला तरी दुसरा चालू असावा लागे. एवढी कसरत करून टिपलेला तो शेवटचा द्रुत झाला आज जवळपास साठ वर्षांनी पाहतानाही अंगावर काटा येतो.

पुढच्या पिढ्या भराभर आल्या. १९७० च्या ‘वुडस्टॉक’ने पडद्याचे दोन-तीन भाग करून मंच आणि गर्दी एकाच वेळी दाखवली. १९८४ च्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’मध्ये दिग्दर्शक जोनाथन डेमीने उलट केलं. मोकळ्या मंचावर एकटा गायक डेव्हिड बर्न गिटार घेऊन येतो, मग गाण्यागणिक एकेक वादक वाढत जातो आणि प्रेक्षक जवळजवळ शेवटपर्यंत दिसतच नाहीत.

आम्हा पॉवर पॉपवाल्यांसाठी या कुळात एक जिव्हाळ्याचं घर आहे. गिटारचा जोर आणि गुणगुणता येईल अशी चाल, हा पॉवर पॉप. हा शब्द ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला. या प्रकारातलं आद्य नाव बॅडफिंगर. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली, तिथे बॅडफिंगरची मंडळी साध्या गिटारी घेऊन साथीला होती. एका गाण्यात मंचावर हॅरिसनसोबत गिटारवर होता तो बॅडफिंगरचा पीट हॅम. तो अवघ्या २७ व्या वर्षी गेला. त्या मैफलीचा चित्रपट आहे म्हणून तो आजही आपल्यासमोर वाजवतो.

याच काळातला मेम्फिसचा बिग स्टार बँड एवढा सुदैवी नव्हता. त्यांच्या रेकॉर्ड दुकानांपर्यंत नीट पोचल्या नाहीत आणि ते वाजवत असतानाचं चित्रण जवळजवळ कोणी केलंच नाही. पुढच्या कितीतरी बँडनी त्यांना गुरू मानलं. २०१२ मध्ये त्यांच्यावर ‘नथिंग कॅन हर्ट मी’ हा माहितीपट आला, पण त्याला मुख्यतः फोटो, ध्वनिफिती आणि आठवणींवर उभं राहावं लागलं. बिग स्टारच्या अॅलेक्स चिल्टनच्या सुरांवर जीव टाकणाऱ्या माझ्यासारख्याला तो पाहताना सारखं वाटत राहतं की त्या वेळी कोणाच्या तरी खांद्यावर कॅमेरा हवा होता.

मुंबईत तो होता. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड धोबी तलावाच्या रंगभवनात वाजला. मैफल भरवली होती टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने, सेवाकार्याला निधी म्हणून. ‘द पोलीस अराउंड द वर्ल्ड’ या चित्रपटात ती मुंबई दिसते. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉकही अनेक वर्षं याच रंगभवनात भरे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथले सूर थांबले. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपला जगदौरा मुंबईतून सुरू केला, वांद्रे-कुर्ला संकुलातून. त्यांचं बोइंग ७५७ विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता. त्या दौऱ्यावरचा ‘फ्लाइट ६६६’ २००९ मध्ये आला आणि त्यात मुंबईच्या पोरांचे घामाने निथळणारे चेहरे जगभर गेले.

आता मोठ्या मैफली खाडी ओलांडून आमच्या अंगणात आल्या आहेत. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ मध्ये यूटू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले वाजला. तिथे हजारो मोबाइल हवेत असतात. पेनेबेकरच्या कॅमेऱ्यापेक्षा हलकं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, पण ते लांबून फक्त दिवे टिपतं.

आणि ज्यांच्या अगदी जवळ जाता येतं, त्यांच्याजवळ आपण जात नाही. आमच्या मांडवातल्या बेंजोची कुळीही लहान नाही. १९१२ मध्ये जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ हे बटणांचं तंतुवाद्य बनवलं, ते भारतात बुलबुलतरंग झालं आणि विजेचा आवाज मिळून मुंबई-रायगडच्या मिरवणुकांत आणि हळदींत बेंजो म्हणून घुमू लागलं. त्याच लग्नघरात धवलारीण बसते, लिखित पोथी नसलेले धवले, म्हणजे लग्नगीतं, मुखोद्गत गाणारी. हळदीचे व्हिडिओ ढिगाने निघतात, पण त्यांत नाचणारे असतात. वाजवणाऱ्याचे हात आणि गाणारीचा चेहरा क्वचित सापडतो.

१९८४ च्या शेतकरी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक उभारून जासईने आपली माणसं लक्षात ठेवली आहेत. सुरांच्या बाबतीतही तेवढी आस्था दाखवूया. पुढच्या हळदीला एक मोबाइल स्टँडवर लावा, बेंजोवाल्याच्या हातापासून दोन फुटांवर. दुसरा फक्त आवाजासाठी, स्पीकरपासून लांब ठेवा. धवलारीण गायला बसली की तिची परवानगी घेऊन धवला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत न तोडता घ्या. खाली वादकांची, गाणारीची, गावाची नावं आणि तारीख लिहा. ही माणसं कधी वाजवायचं, कधी गायचं थांबतील ते सांगता येत नाही, म्हणून हे काम याच लगीनसराईत करा.