वकिलाविना दाद

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की दोन्ही पक्ष स्वतःच बोलत. फिर्याद करणारा अग्रवादी, उलट उभा राहणारा पश्चिमवादी. निवाडा मान्य करू असा राजीनामा दोघांकडून लिहून घेत, जामीन घेत, मग प्रत्येकाची तकरीर म्हणजे जबानी ऐकून महजर म्हणजे निवाडापत्र करीत. जिंकणारा हरकी ही फी भरी, हरणारा गुन्हेगारी हा दंड. वकील असे तो दरबारात धन्याच्या वतीने. गावच्या वादात त्याचे काम नसे.

१८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनंतर दिवाणी कोर्टे, स्टॅम्प आणि सनदी वकील आले, आणि कोरडवाहू मुलखातल्या कुणब्याची वाचाच गेली. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. मुदत भरत आली की सावकार व्याज मुद्दलात घालून नवे खत करी. वाचता न येणारा कुणबी त्याखाली सहीऐवजी 'निशाणी नांगर' करी. दावा लागला तरी तो कोर्टात जात नसे, कारण तिथे बोलणार कोण? निकाल एकतर्फी होई.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याचे ६८ वे कलम विलक्षण होते. समेट घडवणारा अधिकारी व गावमुन्सफ यांच्यापुढे, तसेच या कायद्याखालच्या शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत, वकिलाला मनाई होती. फार तर नातेवाईक किंवा नोकर उभा राही. मोठ्या दाव्यात सावकाराने वकील दिला आणि शेतकऱ्याला तो परवडत नसला, तर कोर्ट त्याच्यासाठी सरकारी वकील नेमू शके. प्रतिवादीची जबानी न्यायाधीशाने स्वतः घ्यायची, खतावर न थांबता व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासूनचा हिशोब उकरायचा, असा दंडक होता. सरकारने रयतेसाठी केलेल्या कायद्यांत इतकी शहाणी तरतूद क्वचितच सापडते. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली आधी साहाय्यक व १८८७ पासून विशेष न्यायाधीश म्हणून खालच्या कोर्टांची कामे तपासली.

सावकारांनीही वाट शोधली: गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. म्हणून १९०७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कागदावर खरेदी असली तरी व्यवहार खरा गहाणाचा होता, हे शेतकऱ्याला तोंडी पुराव्याने सिद्ध करता येऊ लागले.